जनूदादांचे दोन खलाशी

जनूदादा पागधरे कॉम्प्युटरचं झाकण उघडण्याआधी त्यावर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करत आणि थांबत. थांबत म्हणजे खरोखरच थांबत. मान जराशी तिरकी, पेचकस हातात तसाच, डोळे मिटलेले. शेजाऱ्याच्या दारात उभा राहिलेला माणूस आतून कोणी येतंय का याची वाट पाहतो, तसे. मग स्वतःशीच "हां" म्हणत आणि पहिला स्क्रू सोडवायला घेत.

पाहणाऱ्याला पहिल्यांदा हसू येई. दुसऱ्यांदा येत नसे. कारण ते "हां" काहीतरी ऐकून म्हटल्यासारखं असे. एकदा तर टकटक करून ते बराच वेळ उभे राहिले, "हां" आलंच नाही, आणि "आज नको" म्हणून पेचकस डब्यात टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले, टकटक केली, "हां" म्हणाले आणि दहा मिनिटांत काम उरकलं.

कारण विचारलं तर सांगत, की आत झुरळं असतात, पाली असतात. उमरोळीला एका पाइपांच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमधून फुरसं निघालं होतं. न विचारता हात घातला असता तर? आमच्या वाचनालयाचे कार्यवाह राऊत यांनी एकदा खवचटपणे विचारलं, की फुरशाला टकटक कळते का. जनूदादा शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरात कोनी न विचारता शिरला तं तुमाला नाय कळनार?"

मी बोईसरच्या त्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर, खिडकीतून कारखान्यांची धुरांडी दिसत. जनूदादा मला मास्तर म्हणत. मी कधीच शिक्षक नव्हतो. पण चष्मा आणि पुस्तकं एकत्र दिसली की त्यांच्या लेखी तो मास्तर.

ते सातपाटीचे. बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचे आणि किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वयाच्या पन्नाशीजवळ आल्यावर, हा माणूस अचानक कॉम्प्युटरकडे वळला. का वळला, ते तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन पेचकस, एक रंगाचा ब्रश आणि अर्धा झिजलेला खोडरबर घेऊन ते मुरबे गावापासून बोईसरपर्यंत फिरत. खोडरबर हे त्यांचं मुख्य औषध. खाऱ्या हवेने कॉम्प्युटरच्या आतल्या पट्ट्यांच्या सोनेरी कडा काळ्या पडत; त्या ते शाळकरी मुलाने चुकलेलं गणित पुसावं तशा घासत, आणि निम्मी यंत्रं तेवढ्यानेच सुरू होत.

आमच्याकडचा कॉम्प्युटर एका कारखान्याने टाकून दिलेला. जनूदादांनी तो जुळवून, त्यात स्वतःजवळच्या रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या बसवून वाचनालयाला चालता करून दिला. त्या दिवशी त्यांनी मला झाकणाखालचं जग समजावलं. इतकं स्वच्छ मला नंतर कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

हा मोठा हिरवा बोर्ड म्हणजे होडी, ते म्हणाले. बाकीचे सगळे तिच्यावर चढलेले. मधला काळा चौकोन म्हणजे तांडेल, हुकूम त्याचा. मागची लोखंडी पेटी इंजिन. तिचा पंखा घरघरतोय तोवर काळजी नाही. हार्ड डिस्क म्हणजे होडीच्या पोटातला खण. पकडलेला माल तिथे. इंजिन बंद झालं तरी तो राहतो. "आनि ह्या दोन पट्ट्या म्हंजे खलाशी. हातातलं काम सगळं हेच करतात. बंद केली की सगळं विसरून झोपतात. सकाळी चालू केली की परत हजर."

बोर्डाच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी निळी बॅटरी असते. वीज नसतानाही ती आतलं घड्याळ चालू ठेवते. ती मात्र त्यांनी कापून काढली होती आणि लांब तारेला दुसरी बॅटरी जोडून ती झाकणाबाहेर टांगली होती, दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची टांगावी तशी. मी विचारलं, हा कोण? "राखनदार," ते म्हणाले. "याला घरात नाय ठेवायचा. बाहेरून राखू दे."

मोबदला त्यांनी घेतला नाही. अट एकच घातली: हे मशीन दिवसातून एकदा तरी चालू झालं पाहिजे. वाचनालयाला सुट्टी असली तरी. वापरा नाहीतर वापरू नका, पण चालू करा, मोजणी ऐका आणि मग बंद करा. "बंद पडू देऊ नका, मास्तर. एवढंच बघा." आवाजात असं काही होतं की मी हो म्हणालो. रविवारी सकाळी रिकाम्या वाचनालयाचं कुलूप काढून मी एका यंत्राला उठवायला जात असे. घरच्यांनी बरीच थट्टा केली.

मोजणी म्हणजे काय, ते आजच्या लोकांना सांगायला हवं. तेव्हाचा कॉम्प्युटर चालू केला की तो आधी आपली मेमरी मोजून बघे. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत जाई आणि आतून टिक टिक टिक असा आवाज येई. सगळं नीट असलं की शेवटी एकच छोटा "पीं". त्यानंतर तो तुमचा.

आणि मशीन तापलं की वास येई. सुक्या बोंबलाचा. पहिल्यांदा मला वाटलं कोणा सभासदाच्या पिशवीचा आहे. मग लक्षात आलं की वास झाकणाच्या फटीतून येतोय. राऊत शाकाहारी. संत वाङ्मयाच्या कपाटाला खेटून हा दरवळ सुटला की ते नाकाला रुमाल लावून फिरत आणि हे वाचनालय आहे की सुकटीचा बाजार असं मला विचारत. जनूदादांना सांगितलं तर ते झाकणाजवळ नाक नेऊन म्हणाले, "हाय अजून." समाधानाने म्हणाले.

एकदा पट्ट्या घासायला बाहेर काढल्यावर त्यांनी मला थांबवलं. "गंमत ऐका." पट्ट्या तळहातावर ठेवून त्यांनी तसंच, पट्ट्यांविना, मशीन चालू केलं. पडदा काळाच राहिला. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, आणि आतून एक लांब केविलवाणा "पीं" येऊन थांबला. मग पुन्हा. मग पुन्हा. दुपारची वेळ, वाचकही कोणी नाही, आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"खलाशी उतरलेत," जनूदादा म्हणाले. "तांडेल हाका मारतोय."

ते बराच वेळ ऐकत राहिले. बंद करा आता, असं मला सांगावं लागलं.

भाद्रपदात सर्वपित्री अमावास्येला ते काम नसताना आले. झाकण उघडलं नाही. टकटक केली, मग झाकणावर तळहात ठेवून पाच मिनिटं नुसते बसले. चहा नको म्हणाले. ते गेल्यावर मी खिडकी उघडली तर बाहेरच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा: त्यावर भात, एक वडा आणि वर सुक्या बोंबलाचा तुकडा. पान कधी ठेवलं, मी पाहिलं नव्हतं. एक कावळा त्याच्याशेजारी बसला होता. तो पानाकडे पाहत नव्हता, काचेतून आत, मशीनकडे पाहत होता. कावळे कुठेही पाहतात हे मला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात रक्त तपासायला बोईसरच्या एका लॅबमध्ये गेलो. तिथलं मशीनही जनूदादाच बघत. तिथला बिहारी मदतनीस मला हळूच विचारू लागला, की तुमच्या त्या मिस्त्रीचं डोकं ठिकाणावर आहे ना. "भाईसाब आए, हाथ रखके बैठे, चले गए। ठीक कुछ नहीं किया। खिड़की में चावल रख गए।" मी दिवस विचारला. तोच दिवस. मग मी मुद्दाम उमरोळीच्या कारखान्यात चौकशी केली, मुरब्याच्या मच्छीमार सोसायटीत केली. सगळीकडे तोच दिवस, तेच पान. एका माणसाने एका दिवसात तीन गावांतल्या चार यंत्रांना पान वाढलं होतं.

पुढच्या सर्वपित्रीला ते आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि विचारलं. मी हसत नाही याची खात्री करून घेण्याइतका वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ सुधाकर घरातला पहिला शिकलेला. बोईसरला नोकरी करी. सुटे भाग जमवून त्याने सातपाटीच्या घरात स्वतःचा कॉम्प्युटर जुळवला होता, गावातला पहिला. जनूदादांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. सव्विसाव्या वर्षी सुधाकर काविळीने गेला.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा येईना. सातपाटीचा कावळा, जिथे मैलभर बोंबील वाळत असतात तिथला, खाऊन माजलेला. तो बोंबलाच्या दांडीवर बसून राहिला आणि खाली उतरेना. आईने सांगितलं, तुझ्या बहिणीचं लग्न नीट करून देऊ. काका म्हणाला, नव्या होडीला तुझं नाव ठेवू. कावळा हलेना. दीड तास झाला. सगळे जनूदादांकडे बघायला लागले.

"मला कायच सुचंना, मास्तर. माझ्या तोंडातून निघालं, तुझी मशीन मी बंद पडू देनार नाय. तसा तो खाली आला."

शब्द दिला तेव्हा हा माणूस डिझेल इंजिनवाला. त्याला वाटलं, मशीन म्हणजे इंजिन. तेलपाणी करत राहिलं की झालं. इंजिनाला खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुतात, म्हणून त्यांनी सुधाकरचा कॉम्प्युटर उघडला, बोर्ड आणि पट्ट्या विहिरीच्या पाण्याने धुतल्या आणि बोंबलांच्या शेजारी दांडीवर उन्हात वाळत घातल्या. तीन दिवस. मांजराला हाकलायला बहीण हिरा बसली होती. यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मशीन सुरू झालं. वास तेवढा कायमचा राहिला.

मग ते रोज सुरू करत राहिले. सुरू करता करता शिकले. सुधाकरची पुस्तकं हिराकडून वाचून घेतली. दोन वर्षांनी एका सकाळी मशीन उठलं नाही. बोर्डावरची बॅटरी फुटली होती. वेळ लक्षात ठेवणारी तीच. तिचं पाणी पाझरून बोर्डाच्या रेघा खाऊन गेलं होतं.

"राखनदारानंच घात केला," ते म्हणाले.

तो दिवस आपण समुद्रावर बसून काढला, असं ते म्हणाले. मग त्यांना आठवलं, की आपल्या कोळ्यांत होडी मोडली तर कोणी ती मेली म्हणत नाही. तिचं इंजिन दुसऱ्या होडीत जातं, फळ्या तिसरीत. ती समुद्रावर जातच असते. त्यांनी सुधाकरच्या मशीनचे जिवंत भाग वेगळे केले आणि ते ज्यांच्याकडे रोज चालू राहतील अशा ठिकाणी बसवले. इंजिनाची पेटी लॅबमध्ये. हार्ड डिस्क मुरब्याला. फ्लॉपीचा खण उमरोळीला. आणि रॅमच्या दोन पट्ट्या आमच्याकडे.

"मंजे बंद नाय ना पडली?" त्यांनी मला विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एखाद्या परीक्षेला बसलेल्या माणसासारखा होता. "तुमी शिकलेले. शब्द मोडला का नाय मोडला?"

मी म्हणालो, नाही मोडला.

पण भाग जुने होते. पुढच्या वर्षात लॅबमधली पेटी जळली. मग मुरब्याच्या हार्ड डिस्कने खरखर करून प्राण सोडला. जनूदादा ती पिशवीत घालून सातपाटीला घेऊन गेले, तिचं काय केलं मी विचारलं नाही. उमरोळीचा फ्लॉपीचा खण कोणीतरी बदलून टाकला. पानं चारांवरून एकावर आली. उरले फक्त आमचे दोन खलाशी. आता जनूदादा आठवड्यातून दोनदा येऊ लागले. टकटक करत. थांबत. ते "हां" आता उशिरा येई.

त्याच सुमारास समितीने नवा कॉम्प्युटर घेतला. पांढरास्वच्छ, रंगीत पडद्याचा, निर्गंध. जुना टेबलावरून हलवा, असं राऊतांनी सांगितलं. जनूदादा तेव्हा पालघरला दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. समितीच्या बैठकीत मी तोंड उघडलं आणि सुकटीच्या वासावरून सगळे हसले, आणि मी बसलो. मशीन मागच्या अडगळीच्या खोलीत गेलं, फाटक्या मासिकांच्या गठ्ठ्यांवर. त्या खोलीत विजेचं बटणही नव्हतं.

दवाखान्यात गेलो तेव्हा जनूदादा खाटेवर उशाला टेकून बसले होते. हात पातळ झाले होते. त्यांनी प्रकृतीचं काही सांगितलं नाही.

"चालू हाय ना?"

"चालू आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि थांबले. मी वाट पाहिली. "हां" ते म्हणालेच नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं, मास्तर. उन्हाचे जाऊ नका, चार वाजले की निघा."

आठवड्याभराने ते गेले.

दहाव्याला मी सातपाटीला गेलो. सकाळी नऊची वेळ, ओहोटी लागलेली, दांड्यांवर बोंबील. थोरल्या बहिणीच्या मुलाने, त्यांच्या भाच्याने, पिंड ठेवला. कावळे होते, पुष्कळ होते. एकही येईना. भाचा म्हणाला, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, बर्फाच्या कारखान्यातल्या तुझ्या जागी भाचा लागेल. एक कावळा दांडीवर बसून होता. तो पिंडाकडे पाहत नव्हता. तो कुठे पाहत होता, हे मी लिहिणार नाही. मी घोळक्याच्या मागे उभा होतो, आणखी मागे सरकलो.

हिराबाई, त्यांची धाकटी बहीण, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. "मास्तर, आमी सगळं बोललो. तुमच्याकडं काय र्‍हायलाय का त्याचं?"

मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

"मग हितं उभं राहून काय व्हनार?" ती हळूच म्हणाली. रागाने नाही. "जावा तुमी."

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. खरा कावळा तसाच बसून होता. मी एसटीने पालघर आणि तिथून शटल गाडीने बोईसर गाठलं. अकरा वाजले होते. वाचनालय चार वाजता उघडायचं.

अडगळीतून मशीन मी एकट्याने उचलून आणलं. नवा कॉम्प्युटर टेबलावरून काढून खाली फरशीवर ठेवला. जुन्याच्या वायरी जोडल्या. बाहेर टांगलेली बॅटरी केव्हाच संपली होती. मग खिडकी उघडून माझ्या डब्यातला भात कठड्यावर एका वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला; बोंबील नव्हता. खिडकी लावली. खिडकीकडे पाठ करून टेबलाशी आलो.

झाकणावर दोनदा टकटक केली आणि थांबलो. इतकी वर्षं त्यांना थांबताना पाहिलं होतं; थांबायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. बटण दाबलं.

पंखा अडखळला, मग घरघरला. बराच वेळ काहीच नाही. आता तो लांब "पीं" येणार म्हणून मी टेबलाची कड धरली. तेवढ्यात टिक टिक टिक. आकडा चढत गेला, दोन्ही पट्ट्यांचा पुरा आकडा, आणि एक छोटा "पीं" होऊन सगळं शांत झालं. पडद्यावर तारीख एक जानेवारी १९८० होती. बॅटरी संपली की ही यंत्रं तिथेच जातात. त्या तारखेला सुधाकर शाळेत असेल, आणि जनूदादा बर्फाच्या कारखान्यात.

हळूहळू झाकणाच्या फटीतून वास येऊ लागला.

माझ्या मागे, खिडकीच्या काचेवर, दोनदा टकटक झाली. आणि थांबली.

मी वळून पाहिलं नाही. "चालू हाय," मी म्हणालो.

चार वाजता राऊत आले. दारातच त्यांनी रुमाल काढला. फरशीवरचा नवा कॉम्प्युटर पाहिला, टेबलावरचा जुना पाहिला आणि हा वास पुन्हा कसला म्हणून विचारलं. खिडकीबाहेर वर्तमानपत्राचा कागद रिकामा होता.

"खलाशी कामावर आलेत," मी म्हणालो. "आता ते इथेच राहतील."